अंगणातला पूल बुजवताना

गोव्यात घर आणि अंगणात स्विमिंग पूल, हे आमच्या इंदूरच्या नातेवाइकांना ऐकायला फार भारी वाटतं. पर्वरीच्या घरातला हा पूल बाबांनी हौसेनं बांधला होता. आता त्यात कोणी उतरत नाही, पंप बंद, पाण्यात डासांच्या अळ्या. आणि लेक दोन वर्षांची. दार उघडं दिसलं की धावत सुटते. बाबा म्हणाले, कुंपण घालू. मला ते पटेना. तीन महिने जेवताना हाच विषय.

रिकामा करून वर झाकण घालावं, हा आईचा मधला मार्ग. पण आपल्याकडच्या पावसात तोच जास्त धोक्याचा. आमचा पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. आतलं 48,000 लिटर पाणीच त्याला खाली दाबून धरतं. ते काढलं आणि जमिनीतलं पाणी तळापेक्षा मीटरभर वर चढलं, तर खालून सुमारे 32 टनांचा रेटा बसतो. काँक्रीटचं वजनही साधारण तेवढंच! अख्खी टाकी होडीसारखी वर उचलली जाऊ शकते. हा हिशोब कागदावर मांडला, तेव्हा बाबा गप्प झाले.

पंचायतीत विचारून काम एप्रिलमध्ये काढलं. (फोनवर ‘पूल काढायचाय’ म्हटलं की समोरचा आधी कुठल्या नदीवरचा ते विचारतो.) एक कंत्राटदार म्हणाला, दोन दिवसांत माती टाकून देतो. त्याला नमस्कार केला. तळाला भोकं न पाडता माती भरली, तर पाणी आतच साचतं आणि अंगणाची दलदल होते. आम्ही तळ जागोजागी फोडला, भिंती वरून तीन फूट तोडल्या, तो राडारोडा खाली घातला. त्यावर खडी, जिओटेक्स्टाईलचं कापड आणि मग माती. कापड नसेल तर माती खडीत झिरपून वरची जमीन खचते. एकूण भराव 17 ब्रासच्या वर. प्रत्येक नऊ इंचांचा थर पाणी मारून धुमसायचा. इथे घाई नको. वर बांधकाम मात्र कधीच करायचं नाही, आणि घर विकलं तर घेणाऱ्याला सांगायचं.

पहिल्या पावसात एक कोपरा चार इंच खचला. टेम्पोभर माती आणखी टाकली. आईनं तिथे अबोली लावलीय. खोल बाजूची जास्त फुलते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.