पहिल्या फवाऱ्यावर परफ्युम घेऊ नका

पुण्यात बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरकडं जाणारी कॉलेजची मुलं असोत की लग्नाच्या खरेदीला निघालेली मंडळी, दुकानात सगळ्यांची रीत एकच. मनगटावर फवारा, मनगट नाकाशी, "मस्त आहे, द्या!" व्यवहार दोन मिनिटांत उरकतो. नेमकी हीच दोन मिनिटं परफ्युमबद्दल सर्वांत कमी सांगतात.

"पहिला वास आवडला, म्हणजे परफ्युम आवडला." परफ्युममध्ये कित्येक घटक असतात आणि प्रत्येकाचा उडून जाण्याचा वेग वेगळा. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांतल्या लिमोनिनसारखे हलके रेणू अर्ध्या तासाच्या आतच विरतात. या टॉप नोट्स. मग गुलाब, मोगरा, मसाले पुढं येतात आणि काही तास टिकतात. चंदन, वाळा, पचौली, कस्तुरीच्या वासाची रसायनं जड. त्यांचा वास दुसऱ्या दिवशी शर्टालाही येतो. दुकानात आपण पहिल्या अर्ध्या तासाला भुलतो आणि दिवसभर वागवतो ते उरलेलं. खोक्यावर छापलेल्या नोट्सच्या तीन मजली पिरॅमिडवर फार विसंबू नये. बाटलीत थर नसतात, सगळं एकत्रच असतं. शिवाय तिथं 'मोगरा' लिहिलंय म्हणून आत मोगरा असेलच असं नाही. तो मोगऱ्याचा भास देणारा मेळ असू शकतो.

"फुलांचं ते अस्सल, केमिकल ते नकली." हा गैरसमज सर्वांत चिवट. बिबवेवाडीला लागूनच मार्केट यार्डाचा फूलबाजार आहे. तिथं गुलछडीचे, गुलाबाचे ढीग पाहिले की वाटतं, यातून तेल काढायला कितीसा वेळ? पण किलोभर गुलाबतेलाला साधारण तीन ते चार टन फुलं लागतात. गुलछडी म्हणजे निशिगंध तर वाफेची उष्णता सोसत नाही. तिचा अर्क द्रावकानं काढावा लागतो आणि तो अतिशय महाग पडतो. तेव्हा पाचशे रुपयांच्या बाटलीत निशिगंध सापडला, तर तो प्रयोगशाळेतला आहे असं खुशाल समजा. त्यात फसवणूक काही नाही. आधुनिक परफ्युमरी उभीच राहिली ती अशा रेणूंवर: १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किननं कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं, १८८२ च्या 'फुजेर रॉयाल' या परफ्युममध्ये ते वापरलं गेलं. १९२१ च्या 'शनेल नंबर ५'मध्ये फ्रान्समधल्या ग्रासची जाई आणि कृत्रिम अल्डिहाइड एकत्र नांदतात. आपल्याकडंही हा धंदा जुना आहे. केळकरांची एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंध बनवते.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. बर्गमॉटच्या तेलातलं बर्गाप्टेन अंगावर असताना ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून ते काढून टाकलेलं तेल वापरतात.

"ओ द पार्फम लिहिलंय, म्हणजे टिकणारच." ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण ढोबळमानानं २ ते ५ टक्के, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २०. हे आकडे कंपनीगणिक बदलतात. पण तेल किती यापेक्षा कोणतं, याला महत्त्व जास्त. नुसत्या लिंबाचं पार्फम चंदनाच्या त्वालेतआधी मावळू शकतं. कोरड्या त्वचेवर वास लवकर जातो, हेही ध्यानात ठेवा.

"कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक साफ." काउंटरवरचा हा कॉफीचा वाडगा निव्वळ शोभेचा. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरली नाही. दाराबाहेर जाऊन चार श्वास घ्या, तेवढं पुरे.

"तासाभरात वास उडाला!" बहुधा तुमचं नाक सरावलेलं असतं. ऑफिसात शेजारच्याला विचारा. त्याला तो येत असतो, कधी कधी नको इतका. काही जणांना तर ठरावीक कस्तुरी-रसायनांचा वास जन्मतःच येत नाही.

म्हणून दुकानात आधी वेगवेगळे परफ्युम कागदाच्या पट्टीवर हुंगा. त्यातला एकच मनगटावर घ्या, पैसे न देता बाहेर पडा. गंगाधाम चौकापर्यंत फेरी मारा, घरी जा, जेवा. रात्री झोपताना पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला, तर उद्या जाऊन बाटली घ्या.