सोनामुखी रात्रीच का घेतात?

पोट साफ करणाऱ्या चूर्णाची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली, तर बऱ्याचदा एक नाव सापडते: सोनामुखी. कुठे ते स्वर्णपत्री असे छापलेले असते, कुठे सनाय, कुठे सेन्ना. वनस्पती एकच. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या कोरड्या रानात तिची लागवड होते आणि जगाच्या औषधबाजारात तिथली पाने आजही ‘टिनेवेली सेन्ना’ या जुन्या नावाने विकली जातात. रात्री जेवण झाल्यावर चमचाभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घेणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी विचारले, ‘औषधे कुठली चालू आहेत?’ तर तो रक्तदाबाची गोळी सांगतो, मधुमेहाची सांगतो. चूर्ण सांगत नाही. त्याच्या लेखी ते औषध नसतेच. पण सेन्ना जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याला मात्रा आहे, वेळ आहे आणि पथ्यही आहे.

सोनामुखीच्या पानाशेंगांमध्ये सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. जठर आणि लहान आतडे ओलांडेपर्यंत ती जवळपास काहीच करत नाहीत. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्यांना जोडलेली साखर तोडून टाकतात आणि त्यातून राइन-अँथ्रोन हे खरे काम करणारे द्रव्य मोकळे होते. म्हणजे औषध अर्धे पानात तयार होते आणि अर्धे माणसाच्या पोटात. या प्रवासाला 6 ते 12 तास लागतात. रात्री 10 वाजता घेतलेल्या मात्रेचा परिणाम सकाळी दिसतो तो त्यामुळे. तासाभरात काही झाले नाही म्हणून आणखी एक चमचा घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो, तेही त्यामुळेच.

मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव येतो आणि त्यातले बहुतेक पाणी परत शोषले जाते. मल जितका रेंगाळेल तितका कोरडा आणि खडा होतो. एरवी हे आतडे आतला ऐवज जागच्या जागी घुसळत असते. दिवसातून मोजक्या वेळा मात्र त्यातून एक लांब, जोरकस लाट उठते आणि मल पुढे सरकवते. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर या लाटा जास्त येतात. सकाळच्या चहानंतर अनेकांना लगबगीने उठावे लागते ते याच कारणाने. आतड्याला चेतवणारी रेचके अशाच लाटा उठवतात, शिवाय पाण्याचे शोषण रोखून मल मऊ ठेवतात. इसबगोल पाणी धरून मल फुगवतो, लॅक्ट्युलोज पाणी खेचून आणते. आतड्याच्या नसांना आणि स्नायूंना थेट हलवण्याचे काम सोनामुखीच्या जातीच्या औषधांचे. मात्रा जास्त झाली की पोटात कळ येते.

बिसाकोडिल या गटातले दुसरे प्रसिद्ध औषध. त्याच्या 5 मिलिग्रॅमच्या चिमुकल्या गोळीवर जठरात न विरघळणारे आवरण असते. गोळी चावली, कुटली किंवा दुधाबरोबर, आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतली तर ते वेळेआधीच विरघळते आणि जठराची जळजळ होते. आपल्याकडे झोपताना गोळी दुधाबरोबर घ्यायची पद्धत आहे, म्हणून हे ठसवून सांगायला हवे. हेच औषध गुदद्वारातून बत्तीच्या रूपात दिले तर पाऊण-एक तासात काम होते. सोडियम पिकोसल्फेट हे त्याचे भावंड. सोनामुखीसारखे तेही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून क्रियाशील होते. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना त्याचा गुण कमी येऊ शकतो.

बारावीच्या प्रयोगशाळेत गुलाबी रंग दाखवणारे फिनॉल्फ्थॅलिनही एके काळी याच कामाला होते. 1900च्या सुमारास हंगेरीत ते वाइनमध्ये ओळखखूण म्हणून घालायचा विचार चालला होता. ते पोटाला बाधेल का, हे तपासताना त्याचा रेचक गुण उघड झाला. पुढे 1906 साली अमेरिकेत मॅक्स किस या हंगेरीहून आलेल्या औषधविक्रेत्याने ते चॉकलेटमध्ये घालून ‘एक्स-लॅक्स’ बाजारात आणले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते खपले. उंदरांवरच्या प्रयोगांत कर्करोगाचा धोका दिसल्यावर 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने त्यावर पडदा टाकला.

एरंडेलाची तऱ्हा वेगळी. सुटीच्या दिवशी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजण्याचा सोहळा अनेक मराठी घरांनी पाहिला आहे. तो सकाळचाच असे, कारण एरंडेलाला जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही. लहान आतड्यातले पाचक रस त्यातून रिसिनोलेइक आम्ल सोडवतात आणि दोन ते सहा तासांत जुलाब होतात. 2012 साली जर्मन संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की हे आम्ल ईपी-3 नावाच्या ग्राहीला चेतवते. हाच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंतही असतो. गरोदर बाईने एरंडेल स्वतःच्या मनाने घेऊ नये, असे म्हणतात त्याला हा आधार आहे.

राहिला सगळ्यांच्या मनातला प्रश्न: सवय लागते का? ‘आतडी सुस्त होतात’ ही भीती गेल्या शतकाच्या मध्यातल्या एक्स-रे चित्रांमधून आली. त्या चित्रांतली माणसे बहुधा वर्षानुवर्षे जालीम रेचके घेत आलेली होती. आजच्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेने आतड्याच्या नसा निकामी होतात, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. सोनामुखी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर दुर्बिणीतून काळपट-तपकिरी दिसते, पण हा रंग निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतो. नादी लावते ते वेगळेच. जोरदार रेचकाने सगळे मोठे आतडे रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. एवढा धीर नसलेला माणूस दुसऱ्याच दिवशी ‘आज झाली नाही’ म्हणून पुन्हा चमचा उचलतो. मुळात रोज झालीच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, एवढा मोठा पल्ला स्वाभाविक मानला जातो.

2023 साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शनात बिसाकोडिल आणि पिकोसल्फेटची ठाम शिफारस आहे, मुख्यतः थोड्या दिवसांसाठी किंवा अडल्या वेळी. त्यामागच्या चाचण्याही चार आठवड्यांच्या होत्या. सेन्नाची शिफारस जरा हातचे राखून केली आहे. मात्रा ओलांडून रोज जुलाब करवले तर अंगातले पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना ते जिवावर बेतू शकते.

काही रुग्णांना मात्र ही औषधे नेमाने लागतात. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन चालू झाले की आतडे मंदावते. मॉर्फिनच्या गुंगीला शरीर काही दिवसांत सरावते, बद्धकोष्ठाला सरावत नाही. म्हणून उपशामक उपचार करणारे डॉक्टर मॉर्फिन लिहितात त्याच चिठ्ठीवर पहिल्या दिवसापासून रेचकही लिहितात. तिथे ‘सवय लागेल’ म्हणून घरच्यांनी ते बंद करणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, वाराही सरत नाही, अशा वेळी यातले कुठलेही औषध देऊ नये; आतडे अडलेले असू शकते आणि तेव्हा दवाखानाच गाठायला हवा. शौचातून रक्त, नकळत घटलेले वजन, उतारवयात अचानक बदललेली सवय, यांवरही चूर्ण हा उपाय नव्हे. आणखी एक गट नेहमी नजरेतून सुटतो. आतडे नीट चालते, मल दारापर्यंत येतो, पण कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. या माणसांची चूर्णाची मात्रा वर्षागणिक वाढते आणि तक्रार तशीच राहते. बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना त्याचा अंदाज येतो, आणि बायोफीडबॅक नावाच्या व्यायामातून ते स्नायू योग्य वेळी सैल सोडायला शिकवता येतात.