हरवलेले अवजार

बी.एस्सी.ला असताना आमच्या प्रयोगशाळेत वजनपेटी परत करणे हा एक सोहळाच असे. प्रयोगशाळा साहाय्यक पेटी उघडून, दहा मिलिग्रॅमच्या पत्र्याच्या चिमुकल्या वजनापर्यंत प्रत्येक खाच पाहत. एक जरी खाच रिकामी दिसली, तर सारी बॅच टेबलाखाली! तेव्हा आम्हांला हा अतिरेक वाटे. पुढे विमानांच्या देखभालीविषयी वाचू लागलो आणि माझे मत बदलले.

डिसेंबर २०२३ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचे एक एअरबस ए-३८० विमान अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे तपासणीसाठी उभे होते. इंजिनाच्या आतील पाती पाहण्यासाठी बोरोस्कोप नावाची बारीक नळी आत घालतात. एकेक पाते तिच्यासमोर यावे म्हणून इंजिनाचा कॉम्प्रेसर हाताने फिरवावा लागतो. त्यासाठी वापरलेले १.२५ मीटर लांबीचे नायलॉनचे अवजार डावीकडच्या बाहेरच्या इंजिनात राहून गेले. विमान उडाले, आणि तेही एकदा नव्हे, ३४ वेळा! सुमारे २९४ तासांच्या उड्डाणांनंतर, १ जानेवारी २०२४ रोजी, ते वेडेवाकडे झालेल्या स्थितीत सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही.

काम संपल्यावर आत काही उरले आहे का, हे पाहिले गेले होते. पण अवजार नजरेतून सुटले. मला याहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट. हरवलेले अवजार शोधण्याची ठरलेली पद्धत होती. ती सुरू न करताच विमान सेवेत परत दिले गेले. डोळे चुकतात हे गृहीत धरूनच तर मोजणी ठेवलेली असते!

विमानाला इजा करू शकणाऱ्या अशा उपऱ्या वस्तूंना या व्यवसायात 'फॉड' म्हणतात. एवढ्याशा वस्तूने काय होणार? गणित करून पाहू. समजा, २० ग्रॅमचा नट इंजिनात सुटला आणि सेकंदाला ३०० मीटर वेगाने फिरणारे पाते त्यावर आदळले. पात्याच्या दृष्टीने पाहिले, तर नटच त्या वेगाने अंगावर येतो. गतिज ऊर्जा ½ × ०.०२ × ३०० × ३००, म्हणजे ९०० जूल. नऊ किलोग्रॅमचे वजन दहा मीटर उंचीवरून सोडले, तर साधारण एवढीच ऊर्जा मिळेल. येथे ती पात्याच्या पातळ धारेवर, इवल्याशा जागी एकवटते. धारेला खाच पडते, खाचेतून चीर वाढू लागते, आणि पाते तुटलेच तर त्याचा तुकडा मागच्या पात्यांवर आदळतो.

वस्तू इंजिनात जायलाच हवी असेही नाही. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर आधीच्या एका विमानाची सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची टायटॅनियमची पट्टी गळून पडली होती. ती दुरुस्तीत बसवलेली होती, आणि तीही उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे नव्हे. मागून धावणाऱ्या काँकर्डचे चाक तिच्यावरून गेले आणि टायर फुटला. साडेचार किलोग्रॅमचा रबराचा तुकडा पंखावर खालून आदळला. काठोकाठ भरलेल्या टाकीतील इंधनात दाबाची लाट उठून टाकी फाटली. विमानातील १०९ आणि जमिनीवरील ४ माणसे दगावली.

म्हणून चांगल्या हँगरमध्ये अवजारांच्या खणात प्रत्येक पान्याच्या, प्रत्येक पकडीच्या आकाराची खाच कापलेली असते. दोन रंगांच्या थरांमुळे रिकामी खाच लांबूनही डोळ्यांत भरते. अवजारांवर क्रमांक कोरलेले असतात. कोणी काय नेले याची नोंद होते. (आमच्या साहाय्यकांना ही व्यवस्था फार आवडली असती!) इंजिनाजवळ जाण्यापूर्वी पेन, नाणी, किल्ल्या खिशातून काढून ठेवायच्या. कापलेल्या तारेची टोकेही गोळा करायची. आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तुटले, तर सापडलेले तुकडे जुळवून मूळ आकार पुरा होतो का, ते पाहायचे. एक कपचा कमी भरला, तरी विमान जागचे हलवायचे नाही.