कुरडयांचा वर्ग

होळी सरून ऊन तापायला लागलं की बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, चकलांबा आणि आसपासच्या गावांत, घरोघर गहू भिजत पडतो. एकीच्या घरी गहू भिजला की शेजारच्या चार-पाच जणींना सांगावा जातो : परवा पहाटे कुरडया आहेत, या. मराठवाड्याचा पारंपरिक स्वयंपाक शिकवणारा सगळ्यात जुना वर्ग हाच, असं माझं मत आहे. तो अजून भरतो आणि त्यात कधीच गर्दी नसते. गर्दी का नसते, याचं कारण कुरडईच्या घडणीतच आहे.

गहू तीन दिवस भिजतो. पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास घरभर पसरतो आणि दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. भिजवणीच्या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंनी तोवर टरफल नरम केलेलं असतं. दाण्यातल्या प्रथिनांची पकड सैल होऊन स्टार्च मोकळा व्हायच्या बेतात असतो. मग गहू वाटायचा. पूर्वी हे काम पाट्यावर व्हायचं, आता बहुतेक ठिकाणी विजेवर होतं. वाटलेला गोळा पाण्यात कालवून पिळायचा आणि फडक्यातून गाळायचा. हातात उरतो तो चोथा, भांड्यात उतरतो तो चीक. चोथाही कुणी टाकत नाही. त्यात तिखट-मीठ, तीळ घालून भुसवड्या घालतात.

चीक रात्रभर निवळू द्यायचा. सकाळपर्यंत पिवळसर पाणी वर येतं आणि घट्ट पांढरा थर तळाशी बसतो. ते वरचं पाणी थर न हलवता ओतून टाकणं हे या कामातलं पहिलं कसब. घाई केली तर चीक पाण्याबरोबर वाहून जातो. पाणी मागे राहिलं तर कुरडई आंबट होते आणि काळपट पडते.

उजाडायच्या आत चूल पेटते. जितका चीक तितकंच पाणी आधणाला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. पाणी खळखळलं की एकीने चिकाची धार धरायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने घोटत राहायचं. हात क्षणभर जरी थांबला तरी गुठळी होते आणि झालेली गुठळी पुन्हा मोडत नाही. पांढरा पातळ चीक बघता बघता जड होतो. त्याचा पांढरेपणा जातो, चकाकी येते, आणि दांडा फिरवायला दोन्ही हातांचं बळ लागतं. स्टार्चचे कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, त्याचा हा परिणाम. ओलं बोट लावल्यावर चीक बोटाला चिकटला नाही की तो शिजला.

खरी धावपळ इथून पुढे असते. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की दाबणारीचे खांदे भरून येतात आणि तार तुटायला लागते. म्हणून एकीने विस्तवाकडे बघायचं, एकीने पातेलं झाकून ठेवत सोऱ्या भरून द्यायचा, दोघींनी दाबायचं आणि एखाद्या पोरीने पाण्याची वाटी घेऊन उभं राहायचं. अंगणात किंवा माळवदावर बाज टाकलेली असते आणि तिच्यावर जुनं धुतलेलं लुगडं किंवा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर एकामागून एक वाटोळ्या कुरडया पडत जातात. पातेलं रिकामं व्हायला फार वेळ मिळत नाही. दोघीच असल्या तर निम्मा चीक पातेल्यातच थिजतो. दहा जणी आल्या तर निम्म्या जणी नुसत्या बघत बसतात. वर्गाची संख्या चिकाच्या गार होण्यावर ठरलेली आहे. कुणी ती नियम म्हणून घातलेली नाही.

या वर्गात इयत्ताही आहेत. सगळ्यात लहान पोरींचं काम कावळे आणि शेळ्या हाकलण्याचं. त्याबद्दल त्यांना वाटीभर गरम चीक मिळतो, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-तिखट टाकून. थोडी मोठी झाली की दुपारनंतर अर्धवट सुकलेल्या कुरडया न मोडता उलटायच्या. मग सोऱ्या भरायचा, मग दाबायचा. घोटायला मिळतं ते त्यानंतर. आणि चीक शिजला की नाही हे सांगायचा अधिकार थोरलीचा. घरातली आजी, चुलती, नाहीतर शेजारची एखादी आक्का ती. तिला वाटी-चमच्याचं प्रमाण विचारलं तर सांगता येणार नाही. दांड्याला किती जोर लागतोय त्यावरून ती सांगते. म्हणून हे शिकायचं तर दांडा तिच्या हातातून आपल्या हातात यायला लागतो आणि ती शेजारी उभी असायला लागते.

गेवराईच्या बाबतीत या वर्गाचं वेळापत्रक आणखी एका गोष्टीने बांधलेलं आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे जोडपीच्या जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. हंगाम संपून कारखान्यांचे पट्टे पडतात आणि ही माणसं गावी परततात, ती मार्च-एप्रिलमध्ये. आईबापांबरोबर गेलेली पोर फडावरच्या कोपीसमोर, तीन दगडांच्या चुलीवर, भाकरी थापायला लवकर शिकते, कारण पहाटे बैलगाडी निघायच्या आत भाकरी बांधून व्हायला लागते. कुरडई फडावर होत नाही. तिला तीन दिवसांचा ठाव लागतो, पसरायला जागा लागते आणि शेजार लागतो. या तिन्ही गोष्टी परतल्यावरच मिळतात. वर्षातले जे थोडे आठवडे अख्खं गाव गावात असतं, त्यांत वाळवण होतं आणि लग्नंही होतात. रुखवतात कुरडया-पापड मांडायचे असतातच. लग्नघरी येसर आणि मेतकूटही लागतं. त्याची डाळ-धान्यं भाजायला, मसाला कांडायला पुन्हा त्याच बायका बसतात.

असाच हाताकडे बघून शिकायचा छोटा वर्ग दूर झेक देशातही भरतो. झेक देश मराठवाड्याला ओळखीचा आहे तो स्कोडा मोटारींमुळे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला त्या कंपनीचा कारखाना 2001 साली सुरू झाला. झेक जेवणाबद्दल मात्र इकडे फारसं कुणी बोलत नाही. प्रागमध्ये आज पाहुण्यांसाठी छोट्या गटांचे स्वयंपाकवर्ग चालतात आणि त्यांत क्नेडलिक हमखास शिकवतात. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, यीस्ट आणि शिळ्या पावाचे तुकडे मळून लांबोडा गोळा करायचा आणि तो उकळत्या पाण्यात शिजवायचा. बाहेर काढल्या काढल्या त्याला टोचून वाफ जाऊ द्यायची, नाहीतर तो बसतो. कापायचा दोऱ्याने, कारण सुरीने दाबला की त्याचा मऊपणा जातो. त्याच्यासोबत कंदमुळांची, साय घातलेली दाट ग्रेव्ही असलेलं गोमांस वाढतात. त्याला स्विच्कोवा म्हणतात. टोचायचं कधी आणि दोरा ओढायचा कसा, हे तिथेही शिकवणाऱ्याच्या हाताकडे बघूनच कळतं.

पण आपल्या कुरडयांशी नातं सांगायचं तर ते झेक लोकांच्या नाताळाशी सांगायला हवं. डिसेंबरात तिथल्या घरांत आई, आजी, लेकीसुना मिळून छोट्या छोट्या बिस्किटांचे कितीतरी प्रकार भाजतात. चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिलाची बिस्किटं, दोन चकत्यांमध्ये मुरंबा भरलेली लिन्झची बिस्किटं. सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून सणापर्यंत जपायचं. तिथे थंडी आणि भट्टी, इथे ऊन आणि बाज. वर्षातून एकदा घरच्या बायकांनी एकत्र बसायचं, पुढच्या महिन्यांची बेगमी करायची आणि त्यातच पोरींना शिकवायचं, ही रीत दोन्हीकडे आहे.

फरक आहे तो लिहून ठेवण्याचा. माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा या बाईंनी 1826 साली झेक भाषेत स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. त्या काळी तिथे शिकलेल्यांची भाषा जर्मन होती. घरच्या भाषेत वाचायची गोडी बायकांना लागावी, हा त्यांच्या लेखनाचा हेतू होता, आणि झेक भाषेच्या पुनरुज्जीवनात त्या पुस्तकाचं नाव आजही घेतात. मराठीत 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं, 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’, आणि 1970 साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने माप वाटीत आणि चमच्यात बसवलं आणि आईपासून दूर संसार थाटलेल्या कितीतरी मुलींना जेवू घातलं. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांचा ओटा मुंबई-पुण्याकडचा आणि पश्चिम महाराष्ट्रातला. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. छापखाने आणि प्रकाशक यांच्यापासून आमचं गाव जसं लांब राहिलं, तसं आमचं ताटही लांब राहिलं.

ते ताट नीट लिहिलं गेलं फार उशिरा. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं आणि मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं जेवण मराठी पुस्तकात आलं. वाळवणाबद्दल लिहिणाऱ्याने ते वाचलंच पाहिजे. उन्हात फक्त गव्हाचा चीक वाळत नव्हता, दोरीवर मांसाच्या पट्ट्याही वाळत होत्या. त्यांना चान्या म्हणतात. तेही वाळवणच, तीही बेगमीच. आणि ज्या अंगणातल्या कुरडयांचं मी कौतुक करतो आहे, त्या अंगणात कुणाला सांगावा जायचा आणि कुणाला जायचा नाही, हे जातीने ठरलेलं होतं. पाळीच्या दिवसांत बाईने चिकाजवळ जायचं नाही, गेली तर चीक बिघडतो, असंही मानत. चीक बिघडतो तो पाणी न बदलल्याने आणि घोटणारीचा हात थांबल्याने. हा वर्ग जपायचा असेल तर त्याची ही कुंपणं काढूनच जपायला हवा.

आज कुरडई दुकानात मिळते. बचत गटांच्या बायका ती करून विकतात आणि त्यातून त्यांच्या हातात पैसा येतो, हे फार चांगलं आहे. मुंबईत गिरगावातल्या गच्चीवर 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभी राहिली. तशी वाट पुढे असताना बायकांनी नुसतं घरापुरतं का करावं? पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. पाकिटातली कुरडई विकली जाते, ती करण्याची विद्या विकली जात नाही, आणि तिची किंमत कुणी मोजत नाही. प्रागमध्ये दोऱ्याने गोळा कापायला शिकवणाऱ्याला फी मिळते. चकलांब्याच्या आक्कालाही ती मिळायला हवी. मुलीच्या हाताला वळण लावणं हे तिचं घरचं कर्तव्य समजलं गेलं, म्हणून त्याला कधी मोल लागलं नाही.

असा वर्ग भरवायला अवघड काही नाही. एप्रिल महिना धरावा, शिकणाऱ्या चार-पाच जणी असाव्यात आणि पुरुषांनाही बसू द्यावं. दोन तासांत मात्र तो आटोपू नये, कारण आंबूस वास कुठवर येऊ द्यायचा हे गहू भिजायला टाकल्यापासून रोज नाक लावल्याशिवाय कळत नाही. शिकणाऱ्याने शेवटपर्यंत राहावं. बीडच्या उन्हात कुरडई दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळते. मग कढईत तेल तापवून प्रत्येकाने आपण दाबलेली एकेक सोडावी. चांगली शिजलेली कुरडई तेलात पडताच दुप्पट-तिप्पट फुलते आणि पांढरीशुभ्र राहते. मध्ये कडक गाठ राहिली तर चीक कच्चा उतरवलेला असतो. लालसर झाली तर निवळीचं पाणी मागे राहिलेलं असतं. आक्का ते नुसतं बघून सांगते आणि तेही हसत. ज्या कुरडया उलटताना मोडल्या त्यांचा चुरा वेगळा ठेवतात. तो पाण्यात भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन त्याची भाजी होते. ती ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर त्याच दुपारी सगळ्यांनी मिळून खायची.