अवघड इंग्रजी शब्दांचे मराठी गणगोत

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत डोकावा, एक वही हमखास दिसेल. डाव्या बाजूला अवघड इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. रोज वीस, रोज तीस. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले नेमकी तिथे अडतात. नोकरीचाच प्रश्न असतो. म्हणून ही घोकंपट्टी.

पण पाठ केलेली यादी महिनाभराने कुठे जाते? हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवून दिले, की निरर्थक अक्षरे पाठ केली तर त्यांतली बरीचशी पहिल्या दिवसातच विसरली जातात. वहीतला अनोळखी शब्द आपल्या लेखी असाच निरर्थक असतो. ओळखीच्या कशाला तरी बांधला, तरच तो टिकतो.

बांधायला खुंटी मात्र आपल्या घरातच आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली सांगितले. इंग्रजीतले भारदस्त शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले, आणि मराठीत संस्कृत शब्द तर पावलोपावली. 'नॉक्टर्नल' म्हणजे रात्री वावरणारा, आणि दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपली आजी 'नक्त' म्हणायची. दोन्ही एकाच कुळातले. झोप न येणे म्हणजे 'इन्सोम्निया'; त्यातला 'सोम्नस' आपल्या 'स्वप्न'चा भाऊबंद. 'जेन्युफ्लेक्ट' म्हणजे गुडघा टेकणे. 'आजानुबाहू'मधला 'जानु' आठवला, की हा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. 'इग्निअस' खडक म्हणजे अग्निजन्य खडक, म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातला आपला काळा पाषाण. 'अग्नॉस्टिक' हा शब्द हक्सलेने १८६९ साली घडवला. त्यातला नकाराचा 'अ' आणि जाणण्याचा धातू, दोन्ही आपल्या 'अज्ञ'मध्ये आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. सारखा दिसला म्हणून प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो. 'डे' आणि 'दिवस' यांचे नाते कोणालाही खरे वाटेल, पण भाषाशास्त्र ते मानत नाही. तेव्हा शंका आली, की शब्दाचे मूळ सांगणारा चांगला कोश उघडावा.

शिवाय मूळ कळले म्हणजे अर्थ कळला, असेही नाही. याचे उदाहरण शोधायला आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गापर्यंत गेले तरी पुरे. १८५३ नंतर काही वर्षे तिथला कारभार पाहणारा फिलिप मेडोज टेलर हा कादंबरीकारही होता. तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली 'तारा' ही कादंबरी त्याने १८६३ साली प्रसिद्ध केली. पण त्याचे नाव गाजले ते त्याआधी, १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'मुळे. आपला 'ठग' इंग्रजी वाचकांच्या तोंडी रुळला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. मात्र आपला ठग गोड बोलून फसवतो, आणि आजच्या इंग्रजीतला 'थग' हाणामारी करणारा गुंड असतो. शब्द आपलाच, स्वभाव बदललेला. परीक्षेत 'थग'चा अर्थ 'फसवणारा' लिहिला, तर गुण जातील.

म्हणूनच वहीत दोन रकाने पुरत नाहीत. तिसऱ्यात शब्दाचे नातलग लिहावेत, चौथ्यात वर्तमानपत्रात भेटलेले पूर्ण वाक्य. रोज तीसऐवजी पाच-सहा शब्द घ्यावेत. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अर्थ झाकून स्वतःला विचारावे. नुसते पुन्हा वाचून भागत नाही. आणि शब्द आठवला म्हणून लगेच अर्जात किंवा मुलाखतीत वापरायची घाई करू नये. साधे वाक्य चुकीच्या जागी बसलेल्या भारी शब्दापेक्षा केव्हाही चांगले. दुर्मिळ शब्द आधी वाचताना ओळखता यावा, लिहिण्याची पाळी त्यानंतरची.