मोठा उजेड

आत्याच्या माजघराच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. वर्षाआड दिवाळीच्या तोंडावर त्यांना तोच रंग लागतो. लहानपणापासून त्या भिंतींना टेकून मी जेवले, झोपले, सुट्टीतला अभ्यास केला. पण तो रंग मला नीट दिसला तो चार वर्षांपूर्वी, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, आत्याच्या गालावर.

नवा फ्लॅश घेऊन मी वाई तालुक्यातल्या तिच्या गावी गेले होते. फ्लॅशचं डोकं फिरवून उजेड माणसावर न मारता भिंतीवर मारायचा, म्हणजे तो पसरून, मऊ होऊन चेहऱ्यावर येतो, एवढं मी वाचलं होतं. उजेड मऊ आला, यात शंका नाही. येताना भिंतीचा रंगही घेऊन आला. आत्याने चष्मा वर करून पडद्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “पोरी, कावीळ झाल्यागत दिसतीय की गं मी.”

मग मी फ्लॅशचं डोकं वर वळवलं. वर कौलं आणि धुराने काळे पडलेले वासे. गेलेला उजेड परत आलाच नाही. ‘छतावर बाउन्स करा’ असं सरसकट सांगितलं जातं, ते नऊ-दहा फुटांवर पांढरा स्लॅब असलेल्या घरांपुरतं. शेवटी मी फ्लॅश सरळ तिच्यावर रोखला. कपाळ चकाकलं, कुंकू फिकं पडलं, चष्म्याच्या दोन्ही काचांत पांढरे ठिपके उमटले आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी कडक सावली चिकटली. नाकाची उंची, गालाचा खळगा, हनुवटीखालचा अंधार, चेहऱ्याला चेहरा करणारं जे जे असतं ते सगळं त्या उजेडाने पुसून टाकलं होतं. आत्या काही बोलली नाही. पदर सारखा करून चहा ठेवायला उठली. तिचं ते न बोलणं मला फार लागलं.

पुण्यात परतल्यावर ओळखीतल्या एका काकांकडे गेले. चाळीस वर्षं लग्नं, मुंजी आणि स्थळाचे फोटो काढून त्यांनी स्टुडिओ बंद केला होता. गच्चीवरच्या खोलीत दोन स्टँड, एक पांढरी छत्री आणि थर्मोकोलचे चार-पाच तुकडे तेवढे ठेवले होते. माझे फोटो त्यांनी शांतपणे पाहिले आणि विचारलं, “हा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच का बसवलास?”

मला प्रश्नच कळला नाही. तो तिथेच बसवायचा असतो, म्हणून.

“अगं, आपल्या कपाळातून कधी उजेड निघतो का? खिडकी बाजूला असते, सूर्य वर असतो. आधी त्याला तिथून खाली उतरव.”

त्यांनी माझा फ्लॅश काढून स्टँडवर लावला, कॅमेऱ्यावर त्याला दुरून उडवणारा ट्रिगर चढवला, आणि समोर स्टुलावर एक माठ ठेवला. माणूस बसवायचा नाही, ही त्यांची अट. माणूस कंटाळतो, मग आपण घाई करतो. तीन रविवार मी तो माठ काढला.

माठ हा फार चांगला शिक्षक आहे. तो चकाकत नाही. उजेड डावीकडून आला की डावा भाग उजळ, मग हळूहळू करडा, मग काळा. हा प्रवास किती हळू किंवा किती झटकन होतो, एवढंच माठ दाखवतो, आणि तेच पाहायचं असतं. उघड्या फ्लॅशने उजेड आणि सावली यांच्यामध्ये चाकूने कापल्यासारखी रेघ येत होती. छत्री लावल्यावर ती रेघ विरघळली. मला वाटलं, छत्रीच्या कापडामुळे उजेड मऊ होतो. काकांनी छत्री उचलून खोलीच्या टोकाला, चार मीटरवर नेऊन ठेवली. कापड तेच, फ्लॅश तोच, आणि माठावर रेघ पुन्हा उमटू लागली.

“मऊपणा कापडात नाही,” ते म्हणाले. “माठाच्या जागी तू बसलीस, तर तुला तो उजेड केवढा मोठा दिसेल, त्यात आहे.”

फ्लॅशची काच दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर होईल जेमतेम तेवढी. छत्री मीटरभराची. पण तीच छत्री चार मीटर लांब गेली की माठाला ती एक मीटरवरच्या वीतभर ताटलीएवढीच दिसते. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, तरी दुपारी बारा वाजता तो डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो, कारण आपल्याकडून पाहिलं तर तो आभाळातला एक ठिपका असतो. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि चेहरे निवळतात. हे मी जन्मभर पाहिलं होतं. कारण मात्र त्या गच्चीवर कळलं.

दिवा जवळ-लांब नेण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणून दिवा माठापासून एक मीटरवर आणि भिंत दिव्यापासून दोन मीटरवर असेल, तर माठ उजळतो आणि भिंत अंधारात जाते. दिवा तीन मीटर मागे नेला की माठ चार मीटरवर, भिंत पाचवर, आणि दोन्ही जवळपास सारखी दिसतात. मागची भिंत उजळ हवी की काळी, हे ठरवायला भिंतीला हातही लावावा लागत नाही.

चौथ्या रविवारी माठ गेला आणि त्याच्या जागी पितळी तांब्या आला. चिंचेने घासून लख्ख केलेला. तांब्यावर उजेड पसरत नाही. तांब्या दिवाच दाखवतो. उघडा फ्लॅश मारला तर त्याच्या पोटावर टाचणीएवढा पांढरा डाग, बाकी सगळा काळपट. छत्री जवळ आणली तर त्याच पोटावर लांबट, भरदार, सोनेरी उजेडाचा पट्टा. दिवा जरा बाजूला सरकवला की पट्टाही सरकतो; एका ठरावीक कोनानंतर नाहीसाच होतो. आत्याच्या चष्म्यातले ते ठिपके कसे घालवायचे, याचं उत्तर या तांब्यानं दिलं. फ्लॅश तिच्या डोळ्यांच्या रेषेत नको, बाजूला आणि वर हवा. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या तर काच खाली झुकते, मग चकाकी कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जाते.

काका म्हणाले, “चेहऱ्यात माठ आणि तांब्या दोन्ही असतात.” गाल, कपाळाच्या बाजू, मान हा माठ. नाकाचा शेंडा, ओठ, डोळ्यांची बुबुळं, घाम आलेलं कपाळ, नथ हा तांब्या. फोटो काढायला बसलेल्या माणसाकडे मी आजही आधी याच नजरेने पाहते.

इथे मला काकांच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती ऐकून मी अस्वस्थ झाले होते. स्थळाचा फोटो काढायला मुलगी घेऊन आई-वडील यायचे आणि दारातच हळूच म्हणायचे, “जरा उजळ काढा.” स्टुडिओवालेही काढायचे. फ्लॅशची पॉवर वाढवायची, अ‍ॅपर्चर उघडायचं, वर चेहऱ्याला पावडर. मुलगी गोरी नाही, फिकट दिसायची. काका म्हणाले, “पोटासाठी मीही काढले. पण सावळ्या माणसाला जास्त उजेड लागतच नाही. त्याला मोठा उजेड लागतो.”

हे मी पुढे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आहे. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीतून कळतो. सावळ्या, काळ्या चेहऱ्याचा आकार त्याच्यावरच्या चकाकीतून. गडद कातडीवर उजेडाचं प्रतिबिंब ठळक उठून दिसतं. छोटा, कडक फ्लॅश मारला तर ते प्रतिबिंब तेलकट डागासारखं दिसतं आणि लोक म्हणतात, रंगामुळे फोटो बरा येत नाही. तोच उजेड मोठा करून, बाजूने, जवळ आणला तर गालाच्या हाडावर रुंद, शांत झळाळी येते आणि रंग जसाच्या तसा राहतो. दोष कातडीचा नसतो, दोन काडेपेट्यांएवढ्या दिव्याचा असतो. उजेडाने माणसाचा रंग बदलून देणं मला चूक वाटतं, आणि तसं मागणाऱ्यांना मी आता स्पष्ट नाही म्हणते.

कॅमेराही इथे फसतो. फ्लॅश ऑटोवर असला की कॅमेरा आधी एक बारीक झोत टाकून परत आलेला उजेड मोजतो आणि सगळं मधल्या करड्यावर आणू पाहतो. पांढऱ्या नऊवारीतली सावळी बाई समोर बसली की त्याला पांढरंच जास्त दिसतं, तो फ्लॅश कमी करतो, आणि चेहरा काळवंडतो. म्हणून काकांनी मला मॅन्युअलवरच ठेवलं. पूर्ण पॉवर, निम्मी, पाव, अशी उतरत 1/128 पर्यंत. एकदा हात बसला की उजेड कमी-जास्त करणं म्हणजे आमटीत मीठ घालण्यासारखं हाताच्या अंदाजाचं होतं.

शटरचं गणित कळायला मला एक साखरपुडा वाया घालवावा लागला. हॉलमध्ये फार उजेड होता म्हणून मी शटर 1/500 वर नेलं. ट्रिगर साधा होता, त्याने अडवलं नाही. घरी येऊन पाहिलं तर तीसेक फोटोंच्या तळाशी काळा पट्टा. शटरचे दोन पडदे असतात. 1/200 किंवा 1/250 पर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि त्याच क्षणी फ्लॅश उडतो. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा मागोमाग निघतो, आणि फ्लॅश उडतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. नवरीच्या आईला मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या बाई समजूतदार होत्या, पण तो फोन करताना माझा घसा कोरडा पडला होता.

मात्र त्याच पट्ट्यानं मला फ्लॅशमधली सगळ्यात सुंदर गोष्ट शिकवली. फ्लॅश इतका कमी वेळ पेटतो की शटर किती वेळ उघडं राहिलं याच्याशी त्याला देणंघेणंच नसतं. बारीक पॉवरवर तो सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागात पेटून विझतो. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच जोरावर 1957 मध्ये दुधाच्या थेंबाचा तो प्रसिद्ध मुकुट टिपला. म्हणजे एका फोटोत दोन फोटो असतात. खोलीतला आधीचा उजेड शटर सांभाळतं. फ्लॅशचा उजेड त्याची पॉवर, अंतर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांच्यावर चालतो. शटर हळू केलं की मागची खोली जागी होते, चेहरा तसाच राहतो. हे समजलं त्या दिवशी मला आत्याच्या देवघरातली समई आठवली.

मागच्या मार्गशीर्षात पुन्हा गेले. संध्याकाळची वेळ. आत्या माजघरात पाटावर, तिच्या मागे देवघर, समई लागलेली, वर एक पिवळा बल्ब. या वेळी भिंतीला फ्लॅश दाखवायचाच नाही असं ठरवलं होतं. तिच्याकडून एक धुतलेली पांढरी चादर मागून घेतली आणि कपडे वाळत घालायच्या दांडीवर, तिच्या डावीकडे हातभर अंतरावर सोडली. फ्लॅश चादरीकडे तोंड करून, आत्यावर थेट झोत येणार नाही असा. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी, 1956 साली, बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारल्यावर वर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड खाली परतवला होता, आणि ते आभाळ खरं वाटलं होतं. माझ्याकडे एक चादर होती आणि एक माणूस होतं, तेवढ्याला ती पुरेशी होती.

पहिला फोटो 1/8 पॉवरवर. समई दिसली, पण चेहरा निळसर पांढरा. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा आणि मागे सगळं पिवळं, केशरी. फ्लॅशच्या काचेवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावला, पॉवर 1/16 केली. अ‍ॅपर्चर 4, आयएसओ 800, शटर 1/30. चेहऱ्याचा उजवा भाग अगदीच अंधारात जात होता, म्हणून आत्याच्या मांडीवर तांदूळ निवडायचं स्टीलचं ताट ठेवून पाहिलं, ते फार चकाकलं, म्हणून तिथे थर्मोकोलचा तुकडा ठेवला.

“मोतीबिंदूचं आपरेशन झालंय माझं. डोळ्यांवर मारू नको,” ती म्हणाली.

“चादरीवर मारतेय, आत्या.”

ती चादरीकडे बघायला वळली, आणि फ्लॅश उडाला.

कपाळापासून हनुवटीपर्यंत उजेड उतरत गेला होता, माठावर उतरायचा तसा. कुंकू लाल होतं. शेतात साठ वर्षं उन्हात रापलेल्या गालावर चादरीएवढी रुंद झळाळी होती आणि त्या झळाळीत एकेक सुरकुती वेगळी. नथीच्या मोत्यावर उजेडाचा छोटा चौकोन, म्हणजे चादरच. मागे समईची ज्योत, आणि पिस्ता रंगाची भिंत तिच्या जागी, अंधारात, थोडीशीच. आत्याने कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, “ह्यात मी माझ्या आईसारखी दिसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. मी बॅगेतून फ्लॅश काढेपर्यंत आत्याने दांडीवर चादर टाकली होती आणि त्यांना पाटाकडे बोट दाखवून सांगत होती, “भिंतीकडं नको बसू. हिकडं बस, चादरीजवळ. अजून जवळ.”