उचल फिटत का नाही?

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि नाशिक जिल्हा हादरला. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन कातकऱ्यांची लेकरे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबायला नेली जात होती, हे त्या मृत्यूने उघडकीस आणले. गुन्हे दाखल झाले, मथळे छापून आले आणि नंतर सारे शांत! ज्या नाशिकने १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिला, त्याच नाशिकमध्ये मेंढीच्या बदल्यात माणसाचे लेकरू जाते, याची लाज कोणाला वाटायची?

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास केला जातो. 'आईबापांनी राजीखुशीने पाठवले, उचल घेतली होती, हा तर करार आहे.' हा युक्तिवाद नवा नाही. करारातून गुलामी कशी जन्माला येते, हे अमेरिकेच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

व्हर्जिनियाच्या वसाहतीत तंबाखूच्या शेतीला मजूर हवे होते. इंग्लंडमधले गरीब लोक जहाजाच्या भाड्यापोटी साधारण चार ते सात वर्षे राबण्याचा करार करून येत. मुदत संपली की माणूस मोकळा. १६१९ साली आफ्रिकेतून पळवून आणलेली वीसेक माणसे तेथे उतरवली गेली. त्यांनी कसलाही करार केला नव्हता. तरीही पुढची काही दशके काही आफ्रिकी लोक मोकळे होऊ शकले, कारण दारे पूर्ण बंद झालेली नव्हती. ती एकेक करून बंद केली कायद्याने! १६४० साली तिघे नोकर पळून गेले आणि पकडले गेले. दोघा युरोपीयांची मुदत काही वर्षांनी वाढवली गेली. जॉन पंच या आफ्रिकी माणसाला मात्र जन्मभर राबण्याची शिक्षा झाली. गुन्हा एकच, शिक्षा रंग पाहून! १६६२ च्या कायद्याने आई गुलाम तर मूलही गुलाम ठरले. १६६७ साली बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही, असे ठरले. १६७६ च्या बंडात गोरे आणि काळे नोकर एकत्र लढले, तेव्हा मालकवर्ग धास्तावला. पुढे आफ्रिकी गुलामांवरची भिस्त वाढत गेली आणि १७०५ च्या कायद्याने गुलामी पक्की झाली. आधी मुदत गेली, मग जन्म बांधला गेला, मग धर्माचे दार लावले गेले.

वाचकहो, ही क्रमवारी ओळखीची वाटते ना? आमच्या पूर्वजांची बलुत्याची आणि वतनाची कामे अशीच जन्माने बांधलेली होती. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. जोतीरावांनी त्याही आधी, १८७३ साली, 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तो उगाच नाही.

इंग्रजांनी १८३४ पासून आपल्या वसाहतींतील गुलामी मोडीत काढली आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून 'गिरमिट्ये' धाडले. त्यांत पुढे आपल्या कोकणातली मराठी माणसेही गेली. गिरमिटाला निदान मुदत होती. आजच्या उचलीला तीही नाही. पाडव्याला किंवा आखाजीला ठरणारा सालदार असो, मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलणारे जोडपे असो की वीटभट्टीवरचे कुटुंब असो, हिशेबाची वही मालकाच्या किंवा मुकादमाच्या हाती असते. आजारपणाचा खाडा, धान्याचे पैसे, दंड, सारे त्याच वहीत चढते. हंगाम संपतो, बाकी उरते आणि ती पुढच्या हंगामावर जाते. बाप थकला की पोरगा उभा राहतो.

कायदा मात्र मजुराच्या बाजूचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली आणि ही बंदी सरकारइतकीच खासगी मालकालाही लागू आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार वेठबिगार मुक्त ठरतो आणि त्याचे असे कर्जही रद्द होते. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड मजूर प्रकरणात पोटाच्या लाचारीलाही सक्ती मानले आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे म्हणजे सक्तीची मजुरी, असे ठरवले. मजूर दलित वा आदिवासी असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(ह) आहेच.

मग अडते कुठे? मजुराला वेठबिगार म्हणून ओळखण्यात! जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीशिवाय मुक्तीचा दाखला मिळत नाही. शिवाय २०१६ च्या केंद्रीय योजनेने पुनर्वसनाची मोठी रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली. खटला वर्षानुवर्षे चालणार आणि तोवर तो मजूर खाणार काय? पुन्हा उचल! तेव्हा ही अट काढली पाहिजे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवरच्या दक्षता समित्यांच्या बैठका नियमित झाल्या पाहिजेत.

कार्यकर्त्यांनीही वीटभट्टीवर, द्राक्षबागेत, ऊसतोडीच्या तळावर जाऊन तीन प्रश्न विचारावेत. या कामाची मुदत कधी संपते? दुसरीकडे जायचे म्हटले तर जाता येते का? बापाची बाकी लेकराच्या नावावर चढते का? उत्तरे लिहून घ्यावीत आणि तो लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. ती वस्ती आपली नाही, ते कातकरी आहेत, असे म्हणणारा कार्यकर्ता मालकाचेच काम सोपे करतो. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना तेवढेच हवे होते.

जयभीम!